तेरीज कोणी करायची?

‘माहितीचा महापूर’ हा शब्दप्रयोग मराठीत आता इतका मुरला आहे की त्यात एक रूपक दडले आहे याची जाणीवही उरलेली नाही. वृत्तपत्रांच्या पुरवण्या, व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तके, उजळणी वर्गांची उद्घाटने, प्राचार्यांची प्रास्ताविके, सर्वत्र तो बिनदिक्कत वापरला जातो. रूपकांकडे संशयाने पाहणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम असेल, तर या रूपकापाशी थोडे थांबायला हवे. पूर कोणी पाठवत नाही, तो येतो. त्याला कर्ता नसतो, हेतू नसतो. तरीही २०१९ साली कोल्हापूर-सांगलीत पाणी शिरले तेव्हा अलमट्टीचे दरवाजे केव्हा आणि किती उघडले, याचा वाद महिनोन्‌महिने चालला. म्हणजे खऱ्या पुराच्या बाबतीतही आपण दरवाजे कोणाच्या हाती आहेत हे विचारतो. माहितीच्या तथाकथित पुराच्या बाबतीत मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही. कारण रूपकानेच तो बाद करून टाकला आहे.

या रूपकाचा पहिला परिणाम असा, की सगळा विचार पोहण्याभोवती फिरू लागतो. पूर आहे म्हटल्यावर पोहायला शिका, बुडणारा बुडाला तर त्याला पोहता येत नव्हते! प्राध्यापकांच्या उद्बोधन वर्गांत आणि कार्यशाळांत ‘माहितीचे व्यवस्थापन’, ‘वेळेचे नियोजन’, ‘तणावमुक्ती’ अशा नावांची सत्रे हल्ली नित्याची झाली आहेत. साधनव्यक्ती सांगतात : सकाळी उठल्याबरोबर फोन हाती घेऊ नका, ई-मेल दिवसातून दोनदाच पाहा, सूचनांचा आवाज बंद ठेवा, कामे ‘तातडीची’ आणि ‘महत्त्वाची’ अशा चौकटींत विभागा, आठवड्यातून एक दिवस ‘डिजिटल उपवास’ करा. सत्र संपते, टाळ्या होतात, आणि अभिप्रायाचा गूगल फॉर्म त्याच फोनवर येऊन पडतो. तो भरल्याखेरीज प्रमाणपत्र मिळत नाही.

हा सल्ला खोटा नाही. तो दुसऱ्याच माणसाचा आहे. ज्याचा वेळ ज्याच्या मालकीचा असतो, ज्याला काम खालच्याकडे सोपवता येते, ज्याने उत्तर दिले नाही तर समोरचाच ताटकळतो, अशा माणसासाठी तो तयार झाला. ज्याच्या गटावर दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ‘आज ५ पर्यंत’ असा निरोप येतो, त्याने दिवसातून दोनदाच निरोप पाहायचे ठरवले तर काय होईल हे सांगायला साधनव्यक्तीची गरज नाही. उपवासाचे तर विचारूच नये. उपवास स्वेच्छेने करायचा असतो. ज्याचे ताट दुसरा वाढतो आणि ते रिकामे केले नाही म्हणून खुलासा मागतो, त्याला एकादशीचे माहात्म्य ऐकवणे ही थट्टा आहे.

माझे म्हणणे असे, की निदान आपल्या, म्हणजे महाविद्यालयीन अध्यापकांच्या, कामाच्या ठिकाणी ज्याला आपण माहितीचा भार म्हणतो तो बव्हंशी माहितीचा नाहीच. तो माहितीच्या मागणीचा आहे. आपल्यापर्यंत ज्ञान, बातमी, तपशील फार येतात म्हणून आपण दमलेलो नाही. आपल्याकडून तेच तेच पुन्हा पुन्हा मागितले जाते म्हणून दमलो आहोत. या दोन गोष्टींत फरक न केल्यामुळे उपाय चुकतो आणि दोष भलत्याच्या माथी बसतो.

अनुदानित महाविद्यालयातल्या मराठीच्या एखाद्या सहायक प्राध्यापकाचा फोन पाहा. महाविद्यालयाचा अधिकृत गट, विभागाचा गट, आयक्यूएसीचा गट, परीक्षा समितीचा, राष्ट्रीय सेवा योजनेचा, सांस्कृतिक मंडळाचा, प्रत्येक वर्गाच्या विद्यार्थ्यांचा एकेक, विद्यापीठ स्तरावरचे दोन-तीन, आणि शिवाय ‘ओन्ली इम्पॉर्टन्ट’ नावाचा एक, जो पहिल्या गटातले महत्त्व हरवल्यामुळे जन्माला आलेला असतो. ललित लेखांतून ज्यांची यथेच्छ टवाळी होते ते शुभप्रभातचे गुलाब, वाढदिवसाचे केक आणि निधनवार्तांखालचे जोडलेले हात यांचा येथे काही संबंध नाही. त्यांना उत्तर दिले नाही म्हणून कोणी नोटीस काढत नाही. टवाळखोरांनी सोपे लक्ष्य निवडले आहे. त्रास आहे तो त्या गुलाबांच्या मधूनमधून येणाऱ्या तक्त्यांचा.

विद्यार्थिसंख्येचेच उदाहरण घ्या. प्रवर्गनिहाय, लिंगनिहाय, वर्गनिहाय विद्यार्थिसंख्या ही वर्षातून एकदा ठरणारी गोष्ट आहे. ती विद्यापीठाला हवी असते. उच्च शिक्षण विभागाच्या सहसंचालक कार्यालयाला हवी असते. २०१०-११ पासून सुरू झालेल्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाला हवी असते. नॅकच्या वार्षिक गुणवत्ता अहवालाला हवी असते, आणि २०१५ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय क्रमवारीत उतरायचे असेल तर तिच्यासाठीही हवी असते. प्रत्येकाचे रकाने निराळे, संदर्भ-तारीख निराळी, ‘विद्यार्थी’ या शब्दाची व्याप्तीही थोडी निराळी. एकाच वर्गाच्या पाच संख्या तयार होतात आणि मग त्या जुळत का नाहीत याची सहावी विचारणा येते. माहिती एकच आहे. मागणाऱ्यांची संख्या वाढली आहे. याला महापूर म्हणायचे, की एकाच विहिरीवर पाच मोटा?

या मागण्यांची भाषाही पाहण्यासारखी असते. कोणत्याही परिपत्रकाचा साचा साधारण असा : ‘उपरोक्त विषयान्वये सर्वांना कळविण्यात येते की, सोबत जोडलेल्या विहित नमुन्यातील माहिती आज सायंकाळी ५ वाजेपर्यंत न चुकता सादर करावी. विलंब झाल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी संबंधितांची राहील.’ व्याकरण शिकवणाऱ्यांनी हा मजकूर वर्गात अवश्य घ्यावा. ‘कळविण्यात येते’ या कर्मणी रचनेने कळविणारा गिळून टाकला आहे. ‘विहित’ या विशेषणाने नमुना ठरवणारा नाहीसा केला आहे. ‘सादर करावी’ या विध्यर्थाने आज्ञेला शिष्टाचाराचा सदरा चढवला आहे. संपूर्ण मजकुरात हाडामांसाचा माणूस एकच, तो म्हणजे शेवटच्या वाक्यातला ‘संबंधित’. आणि त्याचा प्रवेश होतो तो जबाबदारी घेण्यासाठी. पाठवणाऱ्याला कर्तृत्व नाही आणि घेणाऱ्याला सुटका नाही. पुराचे रूपक जे काम ढोबळपणे करते, तेच काम परिपत्रकाचे व्याकरण बारकाईने करते.

कर्ता सापडत नाही याचे कारण निव्वळ भाषिक नाही. मागणी दिल्लीत उगम पावते, मंत्रालयात येते, पुण्याच्या उच्च शिक्षण संचालनालयातून विभागीय सहसंचालकांकडे जाते, तेथून प्राचार्यांकडे, प्राचार्यांकडून आयक्यूएसीच्या समन्वयकाकडे, तेथून विभागप्रमुखाकडे आणि विभागप्रमुखाकडून विभागातल्या सर्वांत कनिष्ठ माणसाकडे. प्रत्येक टप्प्यावर होते काय? ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव अग्रेषित.’ मूळ कागद जसाच्या तसा खाली सरकतो. फक्त मुदत कमी होते, कारण प्रत्येक टप्प्यावरचा माणूस आपल्यासाठी दोन दिवस राखून ठेवतो. वरून पंधरा दिवसांची मुदत घेऊन निघालेले पत्र खाली पोहोचते तेव्हा एका संध्याकाळीचे उरलेले असते. व्हॉट्सअ‍ॅपवर अशा निरोपांच्या माथ्यावर ‘फॉरवर्डेड’ अशी बारीक अक्षरांतली पाटी येते. आपल्या प्रशासनाचे इतके नेमके वर्णन कुठल्या समाजशास्त्रज्ञाने केल्याचे माझ्या वाचनात नाही.

पूर्वीही मागण्या होत्या, परिपत्रके होती. पण एक परिपत्रक काढायला खर्च येत असे. कोणीतरी मसुदा करी, टंकलेखक ते टंकित करी, अधिकारी सही करी, बारनिशीत जावक क्रमांक पडे, पाकिटावर तिकीट लागे किंवा शिपाई सायकल काढी. एवढा खटाटोप करण्यापूर्वी ‘हे खरोखर हवे आहे का’ हा विचार निदान एकदा तरी कोणाच्या तरी डोक्यात येऊन जात असे. पाठवणाऱ्याचा हा खर्च आता शून्यावर आला आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटाची कमाल सदस्यसंख्या २०१६ साली २५६ झाली आणि २०२२ साली ती आधी ५१२, मग १०२४ वर गेली. म्हणजे एका बोटाच्या स्पर्शाने हजारावर माणसांची संध्याकाळ व्यापता येते. पाठवण्याचा खर्च शून्य आणि उत्तराचा खर्च पूर्वीइतकाच किंवा अधिक. हा तोल ढळला आहे, आणि ढळलेल्या तोलाला वैयक्तिक शिस्तीचे ठिगळ लावता येत नाही.

ज्यांना व्यवस्थापनशास्त्राची साक्ष लागते त्यांच्यासाठी सांगतो. हर्बर्ट सायमन या अमेरिकी विचारवंताने, ज्यांना पुढे १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात हा प्रश्न संगणकांच्या बाल्यावस्थेतच मांडला होता. माहिती विपुल झाली की लक्ष दुर्मीळ होते, कारण माहिती लक्ष खाते, हे त्यांचे प्रतिपादन आता सुभाषितासारखे सर्वत्र उद्धृत होते. कार्यशाळांच्या पहिल्या सरकचित्रावरही असते. पण त्याच निबंधातला पुढचा मुद्दा कार्यशाळांत कोणी सांगत नाही. तो असा, की संस्थेत नवे माहिती-यंत्र किंवा नवा कक्ष आणल्याने इतरांचा भार कमी व्हायचा असेल, तर त्या कक्षाने जेवढे बाहेर सोडायचे त्याहून अधिक आत जिरवले पाहिजे. बोलण्यापेक्षा ऐकणे आणि विचार करणे त्याने जास्त केले पाहिजे. जो कक्ष जिरवतो कमी आणि सोडतो जास्त, तो भार वाढवतो. या कसोटीवर आपले गुणवत्ता हमी कक्ष, नोडल अधिकारी, समन्वयक आणि पोर्टले घासून पाहावीत.

आणि हे समजण्यासाठी पिट्सबर्गपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. मराठीत यासाठी शब्द आहे : तेरीज. अनेक हिशोबांतील रकमा एकत्र आणून केलेला गोषवारा म्हणजे तेरीज. मोल्सवर्थच्या कोशात तो मिळेल. गावचे हिशोब कुळकर्णी ठेवी, परगण्याचे देशपांडे पाही, आणि वर हुजूर फडावर कारकुनांची फौज असे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले हे अफाट मोडी कागद आजही आहेत. त्यांतून गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले. पेशवाईचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. त्या फडावर कोणत्या जातींचे हात लिहीत होते आणि वसुलीचा वरवंटा कोणावर फिरत होता हे सर्वांना ठाऊक आहे. मुद्दा एवढाच, की कागदाची कामे वाढली की त्यांचा संक्षेप करणे हे स्वतंत्र कौशल्याचे काम असते आणि ते मधल्या टप्प्यावरच्या माणसाने करायचे असते, हे त्या व्यवस्थेला कळत होते. सारेच्या सारे रुमाल उचलून धन्यापुढे टाकणारा, किंवा धन्याचा हुकूम न वाचता गावोगाव वाटणारा, कारकून म्हणून टिकला नसता. आज नेमके तेच करणाऱ्याला आपण समन्वयक म्हणतो. अग्रेषित करणे आणि तेरीज करणे या परस्परविरुद्ध क्रिया आहेत. आपल्या कार्यालयांत पहिली उरली, दुसरी गेली.

यावर काही विद्वानांचा एक ठरलेला आक्षेप असतो : माहिती फार झाली ही तक्रार जुनीच आहे, तुम्ही नवीन काय सांगता? बरोबर आहे. छपाई सुरू झाल्यावर युरोपातल्या पंडितांनी ग्रंथांच्या सुळसुळाटाबद्दल मनसोक्त गाऱ्हाणी केली. झुरिकच्या कोनराड गेस्नर यांनी १५४५ मध्ये लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू ग्रंथांची प्रचंड सूची प्रसिद्ध केली, ती याच अस्वस्थतेतून. अ‍ॅन ब्लेअर या इतिहासकार विदुषीने २०१० सालच्या आपल्या ग्रंथात हा सगळा इतिहास सविस्तर मांडला आहे, आणि तो वाचताना मौज वाटते. सूची, टिपणवह्या, सारसंग्रह, शब्दानुक्रम ही साधने त्या काळातल्या अभ्यासकांनी घडवली आणि आपण अजून त्यांवरच जगतो. पण या दाखल्याने आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. गेस्नरला कोणी ग्रंथ पाठवून ‘पाहिल्याची पोच द्यावी’ असे सांगितले नव्हते. न वाचलेल्या ग्रंथाबद्दल त्याला खुलासा द्यावा लागत नव्हता. त्याचा भार त्याच्या जिज्ञासेचा होता. जिज्ञासेचा भार आणि वेठीचा भार वजनकाट्यावर सारखे भरतील कदाचित. पण त्यांना एकाच नावाने ओळखणे हा वैचारिक आळस आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माहिती मागू नका, तर मग उत्तरदायित्वाचे काय? शिक्षक नसलेली महाविद्यालये, पुस्तके नसलेली ग्रंथालये, कागदावरचे विद्यार्थी हे सगळे याच महाराष्ट्रात घडले आहे, आणि ते उघडकीस आणायला आकडेच लागतात. हे मला मान्य आहे. माहितीच नको म्हणणाऱ्या संस्थाचालकाकडे आणि तसे म्हणणाऱ्या प्राध्यापकाकडेही मी संशयानेच पाहीन. पण म्हणूनच माहितीच्या अधिकाराचा कायदा आठवून पाहावा. महाराष्ट्राने आपला स्वतंत्र कायदा २००२ मध्येच केला होता. पुढे २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्याच्या कलम ४ ने सार्वजनिक प्राधिकरणांवर दोन गोष्टी बंधनकारक केल्या : आपले अभिलेख सूचीबद्ध, अनुक्रमित ठेवणे आणि ठरावीक माहिती कोणी मागण्यापूर्वीच प्रसिद्ध करणे. हेतू हा, की नागरिकाला अर्ज करण्याची गरज कमीत कमी पडावी. म्हणजे एकदा नीट मांडून ठेवा, पुन्हा पुन्हा मागायला लावू नका. नागरिकासाठी जे तत्त्व शासनाने कायद्यात लिहिले, ते शासन आपल्याच अध्यापकाकडून माहिती घेताना का पाळत नाही? पाच कार्यालयांनी एकाच जागी ठेवलेली एकच संख्या वाचली तर उत्तरदायित्व कमी होणार नाही. उलट वाढेल, कारण पाच निरनिराळ्या संख्यांच्या आडोशाला लपता येणार नाही. आणि पुराव्यांचे ढिगारे रचून सचोटी येते म्हणावे, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या एका तपासणी समितीतल्या सदस्यांना लाच घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली, याचीही आठवण ठेवावी. ढिगारा तेव्हाही भरपूर होता.

शाळांमधल्या शिक्षकांना निदान एक आधार आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, निवडणुका आणि आपत्तिनिवारण वगळता इतर अशैक्षणिक कामांना त्यांना जुंपता येत नाही. अर्थात व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलेला तक्ता ‘काम’ आहे हेच कोणी मानत नसल्यामुळे तो आधारही कागदावरच राहतो. आपल्याला तर तेवढाही नाही.

या सगळ्यात पणाला काय लागले आहे? दमणूक, डोळ्यांची आग, घरच्यांची नाराजी या गोष्टी आहेतच आणि त्या प्रत्येक नोकरदाराच्या आहेत. पण भाषा-साहित्याच्या अध्यापकाच्या बाबतीत थेट त्याचे हत्यारच बोथट होते. आपल्या धंद्याचे हत्यार म्हणजे वाचन, आणि ‘वाचणे’ या क्रियापदाचा अर्थच या कार्यसंस्कृतीने बदलून टाकला आहे. निरोपापुढे दोन निळ्या खुणा उमटल्या की तो ‘वाचला’. त्याखाली ‘नोटेड सर’ लिहिले की तो समजलाही. मजकूर डोळ्यांखालून गेल्याची पोच म्हणजे वाचन, असे हे नवे समीकरण. ग्लोरिया मार्क या संशोधिकेने अमेरिकेतल्या कार्यालयांत माणसे पडद्यावरच्या एका गोष्टीवर किती वेळ टिकतात याची वर्षानुवर्षे मोजणी केली. २००४ च्या सुमारास ही सरासरी अडीच मिनिटे होती. २०२३ च्या त्यांच्या पुस्तकात ती ४७ सेकंदांवर आली आहे. ४७ सेकंदांत एका ओवीचा अन्वयही लागत नाही. आणि ज्याला दिवसभर अशा तुकड्यांची सवय झाली, त्याला रात्री दहा वाजता ती ओवी उघडून बसायला सांगणे म्हणजे दिवसभर रिक्षा चालवणाऱ्याला रात्री शिल्प घडवायला सांगणे आहे. हाताची थरथर लगेच थांबत नाही.

वाचनाची ही अवस्था सर्वांत उघडी पडते ती वाचनाच्या उत्सवात. १५ ऑक्टोबर, अब्दुल कलामांचा जन्मदिवस, २०१५ पासून महाराष्ट्रात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. कल्पना चांगली आहे. आता तो प्रत्यक्षात कसा होतो ते पाहा. आदल्या दिवशी सूचना निघते. ग्रंथालयात फलक लागतो. विद्यार्थ्यांना बाकांवर बसवले जाते, हाती पुस्तके दिली जातात. छायाचित्र निघते, ते जिओटॅग असलेच पाहिजे, म्हणजे अक्षांश-रेखांश, दिनांक आणि वेळ त्यावर छापलेली हवी. मग उपस्थितीची यादी, अहवाल, अभिप्राय, वृत्तपत्रातले कात्रण. हे सारे एका फोल्डरमध्ये, फोल्डर ड्राइव्हवर, ड्राइव्हची लिंक एक्सेलच्या रकान्यात. पुस्तक उघडल्यापासून छायाचित्र निघेपर्यंत गेलेली पाच मिनिटे हेच काय ते वाचन; मराठीच्या अध्यापकाची बाकीची दुपार त्याच्या पुराव्यात जाते. नॅकच्या २०१७ नंतरच्या चौकटीत ग्रंथालयाचा दैनंदिन वापर हा एक मोजमापाचा निकष होता, आणि त्याचा पुरावा काय, तर दारावरची नोंदवही आणि ऑनलाइन लॉगिन. कोण आत आले ते कळते. आत येऊन कोणी काय वाचले, ते त्याला कुठे घेऊन गेले, याला रकाना नाही. आणि नसावा हेच बरे, नाहीतर तोही भरावा लागला असता.

याच दरम्यान एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या एखाद्या विद्यार्थिनीने आपल्या संशोधन प्रकल्पाचे दुसरे प्रकरण आणून दिलेले असते. आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या तिने स्वतः टिपलेल्या असतात. त्यांतल्या दोन रूपांबद्दल तिला शंका असते आणि ती तिने समासात पेन्सिलीने लिहिलेली असते. हे प्रकरण वाचायला शांत असे दोन तास लागतात. ते दोन तास आठवड्यात नसतात असे नाही. पण ते सलग नसतात, वीस तुकड्यांत विखुरलेले असतात, आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाला कोणीतरी तक्ता घेऊन उभा असतो. तिसऱ्या आठवड्यात विद्यार्थिनी विचारते, “सर, पाहिलं का?” ‘वाचलं का’ असे ती विचारत नाही. तिने शब्द अगदी अचूक निवडलेला असतो. प्रकरणावर सही होते. पेन्सिलीतली शंका तशीच राहते. हे नुकसान कोणत्याही निकषात धरले जात नाही, आणि माझ्या मते आपल्या विद्याशाखेचे याहून मोठे नुकसान दुसरे नाही.

हा भार सर्वांवर सारखा पडतो असेही नाही. वर म्हटल्याप्रमाणे मागणी घरंगळत सर्वांत खालच्या पायरीवर थांबते, आणि आपल्या विभागांत ती पायरी म्हणजे घड्याळी तासिका तत्त्वावर नेमलेला सहकारी. त्याला मानधन मिळते ते घेतलेल्या तासांचे. तक्त्यांचे, फोल्डरांचे, लिंकांचे मानधन नाही. पण ‘तुम्हाला कॉम्प्युटरचं चांगलं जमतं’ या कौतुकासह क्रायटेरियाचे काम त्याच्याकडे येते. नेट-सेट झालेला, पीएच.डी. केलेला, अजून वाचण्याची भूक शिल्लक असलेला हा माणूस विभागातला सर्वांत चांगला वाचक असण्याची शक्यता असते, आणि नेमक्या त्यालाच आपण कारकुनीला बसवतो. कारकुनीही धड नव्हे. कारकुनाला निदान तेरीज करण्याचा अधिकार होता.

उपायांची चर्चा जगात चालू आहे. फ्रान्सने कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आणला, ऑस्ट्रेलियात तो २०२४ मध्ये लागू झाला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तशा आशयाचे खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. असा कायदा झाला तर स्वागतच आहे. पण रात्री निरोप येऊ नये एवढीच ही मागणी आहे. दिवसा तोच तक्ता पाचव्यांदा का भरायचा, याचे उत्तर तिच्यात नाही.

त्याहून जवळची, फार पैसे न लागणारी एक गोष्ट प्रत्येक महाविद्यालयात करता येईल. ज्या निरोपाला जावक क्रमांक नाही, सही नाही, माहिती कशासाठी हवी याचे एक वाक्य नाही, तो निरोप आदेश मानायचा नाही. ज्या तक्त्यातली माहिती आधी दिलेली आहे, त्यावर नवा तक्ता न भरता ‘पाहा : अमुक दिनांकाचे पत्र’ एवढेच उत्तर पाठवायचे. आणि वरून आलेला चाळीस पानांचा कागद खाली देताना देणाऱ्याने आपल्या हस्ताक्षरात अर्ध्या पानाचा गोषवारा जोडायचा. यात बंडखोरी काही नाही. ही कार्यालयीन शिस्तच आहे, फक्त ती पाठवणाऱ्यांना लावायची आहे. आजवर शिस्तीची सगळी व्याख्याने घेणाऱ्यांनीच ऐकली.

हे सुरू कोणी करायचे याबद्दल मात्र संदिग्धता नको. तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्याने नकार द्यावा अशी अपेक्षा करणे निर्लज्जपणाचे ठरेल. त्याचे नियुक्तिपत्र दरवर्षी नव्याने निघते, आणि ते जूनमध्ये निघते की ऑगस्टमध्ये हे ज्यांच्या सहीवर ठरते, त्यांच्याच सहीसाठी तो रात्री अकरा वाजता तक्ता भरत असतो. नकार द्यायचा तर तो सातव्या वेतन आयोगाचे वेतन घेणाऱ्या, निवृत्तीपर्यंत खुर्ची पक्की असलेल्या आपणच द्यायचा. कर्मचारी सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घालण्यासाठी लेखी अर्ज द्यावा लागतो. तो कार्यालयात दिला की त्यावर शिक्का बसतो आणि आवक क्रमांक मिळतो.